डावा खांदा

पहिली मुलगी हवेतून बर्फावर टेकली, त्याच्या निमिषभर आधी तिचा डावा खांदा बोटभर खाली झुकला. मागून आलेल्या सहाही जणींचा खांदा आपापल्या उडीत नेमक्या त्याच क्षणी तेवढाच झुकला.

तो झोक शाल्मलीचा होता. सोळा वर्षांपूर्वी औलीच्या उतारावर तिचा खांदा मोडला, तेव्हापासून स्नोबोर्डवरच्या प्रत्येक उडीत ती दुखरी बाजू सांभाळायची. निवृत्त होताना तिच्या मज्जातंतूंत मुरलेल्या हालचालींची नोंद यंत्रात घेतली गेली. आता नव्या मुली त्या नोंदीतून तिचं कसब एका दुपारी अंगात भरून घेत. त्यांच्यापैकी कुणाचाच खांदा मोडलेला नव्हता. त्या झोकापायी तिघींचे गुडघे मात्र गेले होते.

"मॅडम, अगदी तुमच्यासारखं जमलं ना?" त्या मुलींतली यामिनी धापा टाकत ओरडली.

शाल्मली उताराच्या पायथ्याशी येरझारा घालू लागली.

"नोंद ठेवायची की पुसायची, दोन वर्षं हेच चाललंय तुझं," प्रशिक्षक कर्णिक वैतागले. "नोंद पुसली तर पोरी पहिल्यापासून शिकतील आणि तुझं इथं काहीच उरणार नाही. एकदाचं बोल बाई!"

शाल्मली थांबली.

"पुसा सर. जिचं तिला पडून शिकू द्या."