न मागता

"पुरुषाला तोंडानं मागाया लावू नको गो," सासरी धाडताना आईनं सांगितलेलं कमळला अजून ऐकू यायचं. म्हणून तिनं मोरूला कधी मागूच दिलं नाही. ताट रिकामं व्हायच्या आत ती वाढायची.

किहीमच्या त्यांच्या घरात पर्यटक उतरू लागले, तशी मृणाली नावाची शिक्षिका संध्याकाळी ओटीवर मोरूला इंग्रजी शिकवायला येऊ लागली. पाहुणे कसं मागतील ते कळावं म्हणून मोरू पाहुणा व्हायचा, ती यजमानीण.

"कुड आय हॅव सम टी, प्लीज?" मोरू मान तिरकी करून मागायचा.

"प्लीज म्हणताना हसायचं, मोरूदादा!"

तो हसायचा. आत चुलीपुढं कमळचा जीव जळायचा. चहा तर तिनंच केलेला असायचा!

एके दिवशी जेवताना मोरूचा भात संपला. कमळ हलली नाही. त्यानं ताट पुढं सरकवलं. ती पातेलं मांडीशी धरून बसूनच राहिली.

"काय झालं गो?"

"माझ्याकडं पन मागा की कवातरी," कमळ म्हणाली. "तिच्याकडं मागता तसं. हसून."