मिटल्या वहीतली खरखर

बार्सेलोनाच्या राजदप्तरात आमचा प्रमुख फेरेर म्हणजे शाई प्यायलेला बोका होता. राजाच्या प्रत्येक पत्राची नक्कल आम्ही वहीत उतरवायचो आणि हा त्याच वह्यांवर कोपर टेकून डुलक्या काढायचा.

एका सकाळी एलिसेंदा नावाची विधवा आली. तिच्या पाणचक्कीच्या हक्काचं राजाचं पत्र जळालं होतं, म्हणून तिला नक्कल हवी होती.

फेरेरनं वही उघडलीसुद्धा नाही. "नोंद नाही."

"साहेब, एकदा बघा तरी."

"बाई, वहीत नाही म्हणजे झालंच नाही. नवरा तरी होता का, आठवून बघ."

ती निघून गेली. चक्कीवर फेरेरच्या मेहुण्याचा डोळा होता, हे आम्हाला ठाऊक होतं.

तेवढ्यात त्याच मिटल्या वहीतून लेखणीची खरखर ऐकू आली. आम्ही आपापल्या लेखण्या खाली ठेवल्या. खरखर चालूच राहिली.

"उंदीर असेल, भेकडांनो," असं म्हणत फेरेरनं वही उघडली आणि आवाजावर तळवा दाबला.

आवाज थांबला. आमच्याकडे बघून तो कुत्सित हसला आणि हात उचलून कान खाजवू लागला. तिथंच त्याचं हसू विरलं.

मग आम्हालाही ऐकू आलं. खरखर आता त्याच्या तळव्याच्या आत होती आणि हळूहळू मनगटाकडे सरकत होती.