गादीची पलीकडची बाजू

"बूट बाहेरच काढा," ती म्हणाली, "आणि ती टाकी आधी माझ्यासमोर पुसा."

विक्रेत्याने खोका खाली ठेवला. त्याच्या उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. त्याने डावा पाय वर ठेवून ते झाकलं. व्हॅक्यूम क्लीनरची पारदर्शक टाकी लख्ख होती, तरी त्याने खिशातून रुमाल काढला.

"रुमाल नको, हे घ्या." तिने पांढरं फडकं पुढे केलं. तिची सारी नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत गेली होती. काचेवर बोटाचा डाग तिला आजही खपत नसे.

"काकू, याला पिशवी नाही, हीच तर गंमत आहे. पिशवीवाल्या यंत्रात काय गेलं ते कुणाला कळतं? इथे सगळं डोळ्यांसमोर."

"म्हणूनच बोलावलं. नाहीतर एवढ्या किमतीत दोन फ्रिज येतात."

"फ्रिज धूळ कुठे खातो, काकू!"

ती हसली नाही. तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा होता.

"हो, आलाय तो माणूस... खोकला आहे तसाच आहे... झोपेचं मला विचारू नकोस. टेम्पो ठरवलास ना, मग दुपारपर्यंत थांबव त्याला. आज इथे काही निघालं नाही, तर मुकाट्याने तुझ्याकडे राहायला येते. निघालं, तर हे घर सोडायचं नाव पुन्हा काढायचं नाही."

विक्रेत्याला हुरूप आला. यंत्राच्या जोरावर घर राखू पाहणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. त्याने पाठ केलेलं बोलणं सुरू केलं.

"आम्ही गादीपासूनच सुरुवात करतो. माणूस झोपतो तिथे त्याची कातडी झडते. पिठासारखी पूड होते आणि गादीत मुरते. कोऱ्या गादीतून ती निघणार नाही. माणसाशिवाय ती होतच नाही."

"शेजारणीकडे तुम्ही हेच सांगितलंत. या, आधी लेकीची गादी."

बाहेरच्या खोलीत एकेरी पलंग होता. "ही आणि आतली, दोन्ही गाद्या एकाच दिवशी आणल्या," ती म्हणाली. "लक्षात ठेवा."

यंत्र घोंगावलं. टाकीच्या तळाशी कापसाचे चार तंतू तेवढे आले. विक्रेत्याचा चेहरा पडला.

"इथे कुणी झोपत नाही वाटतं?"

"लेक सकाळी येते, संध्याकाळी जाते. एक रात्रही राहिलेली नाही."

"मग बरोबर आहे."

"हो," ती म्हणाली. "मग बरोबर आहे."

आतल्या खोलीत मोठा पलंग होता. खिडकीकडच्या बाजूला खोकल्याच्या औषधाची बाटली. दुसऱ्या बाजूला झाकण घातलेलं पाण्याचं भांडं, घडी केलेला चष्मा आणि खाली पुरुषी चपलांचा जोड, उठल्यावर पायात सरकवता येईल असा ठेवलेला.

"ही काकांची बाजू?"

"हो."

"कामावर गेलेत?"

"दिवसा नसतात."

"घर सोडायचं चाललंय, त्यांना विचारलंत का?"

"ते हे घर सोडून कुठेही येणार नाहीत. तोच तर घोळ आहे."

"सगळे काका सारखेच. आमचे बाबा खुर्चीची जागासुद्धा हलवू देत नाहीत."

या वेळी ती किंचित हसली. चादर काढून तिने गादीच्या मधोमध चिकटपट्टी लावली. "मी खिडकीच्या कडेला झोपते. या रेघेच्या पलीकडे कधी जात नाही. जायची सोयच नाही, ते पाय फार पसरतात."

आधी तिची बाजू झाली. विक्रेत्याने टाकी पांढऱ्या कागदावर उपडी केली. करड्या पुडीचा लहानसा ढीग, त्यात एक लांब केस.

"बघा! रोज यात झोपता तुम्ही. खोकला येणार नाही तर काय होईल?"

"टाकी धुवा. कोरडी करा. मग पलीकडची बाजू."

त्याने टाकी धुतली. तिने ती उजेडात धरून पाहिली, स्वतः पुन्हा पुसली आणि पलंगाची कड घट्ट धरून उभी राहिली. यंत्र सुरू झाल्यावर तिची नजर टाकीवरून हलली नाही. खोकल्याची उबळ तिने तोंडावर पदर दाबून आतल्या आत जिरवली.

टाकीत करडं धुकं फिरू लागलं.

दुसरा कागद. पहिल्याएवढाच ढीग, जरा जास्तच. त्यात एक आखूड पांढरा केस होता. तो तिने चिमटीत उचलला, खिडकीशी नेऊन पाहिला आणि पुन्हा पुडीत ठेवला.

"काका तुमच्या पुढे आहेत हो," विक्रेता म्हणाला.

तिने फोन लावला. "टेम्पो परत पाठव. मी येत नाही." पलीकडून काहीतरी मोठ्याने बोललं गेलं; तिने फोन ठेवून दिला.

"मग बिल करतो, काकू?"

"नको."

"अहो, आत्ता तर पाहिलंत!"

"पाहिलं. यंत्र नंबर एक आहे. ज्याला घर साफ करायचंय, त्याने डोळे मिटून घ्यावं." दुसऱ्या कागदाची तिने औषधाच्या पुडीसारखी घडी घातली. "माझ्या घरात मात्र पुन्हा आणू नका."

विक्रेता वैतागला. त्याने वायर गुंडाळली, टाकी खोक्यात कोंबली. मोज्याचं भोक झाकायचंही त्याला सुचलं नाही.

"तब्येतीशी खेळताय तुम्ही. निदान ही गादी तरी बदला. दोघं जण रोज झोपल्याशिवाय एवढी पूड साठत नाही. किती जुनी आहे?"

तिने पुडी पलीकडच्या उशीखाली सरकवली आणि उशी नीट केली.

"नवीच आहे," ती म्हणाली. "हे वारल्यावर घेतली."