चिमूटभर तण

"हे बघ, आणखी एक!" नवऱ्यानं खिडकीतून हात आत घातला. मुठीत मुळासकट उपटलेलं रोप, आणि त्याची माती थेट तिच्या चादरीवर. "झिनियाच्या रांगेत, अगदी मधोमध. येतं कुठून हे, देव जाणे!"

"शेजारच्यांकडून येत असेल वाऱ्यानं," ती म्हणाली. चार वर्षं ती हेच म्हणत आली होती. पुढचं खोकल्यात राहिलं.

"शेजारी सगळी फरशी आहे गं! फरशीवर कुठलं आलंय तण?" असं पुटपुटत तो पुन्हा वाफ्याकडे गेला.

खाटेजवळ स्टुलावर तिची कामावरची सोबतीण बसली होती. बियाण्यांच्या गोदामात दोघी एकाच टेबलाशी उभ्या राहायच्या. फुलांच्या बियांत मिसळलेलं तणाचं बी वेचून काढायचं, हे त्यांचं काम. तीन महिन्यांपूर्वी हिनं अंथरूण धरलं आणि काम सुटलं. परवा डॉक्टरांनी पुढची तारीखसुद्धा दिली नव्हती. त्यातून काय समजायचं ते ती समजली होती.

"खिडकी लोटून घे जरा," ती म्हणाली. "एक काम सांगायचंय. हसू नकोस."

आणि आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते तिनं सांगायला घेतलं.

चार वर्षांपूर्वी त्यांची मुलगी गेली. एकुलती एक, एकोणीस वर्षांची. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत खेळ आटोपला. बाहेरचा वाफा तिचाच, तिनंच रांगा आखून लावलेला. त्यानंतर नवरा भिंतीकडे तोंड करून जो निजला, तो उठेचना. समोर ताट ठेवलं तर दोन घास, नाही तर तेही नाही. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस! स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा ह्यानं सात चुका काढल्या होत्या आणि सासऱ्यांना ऐकवल्या होत्या. पण सांत्वनाची पत्रं आली, त्यांत काना-मात्रांचा नुसता धुडगूस, आणि ह्यानं पेन्सिल मागितली नाही. तेव्हा मात्र तिला कळून चुकलं. लेक गेली, आता हाही हातचा जाणार.

तिनं खूप डोकं चालवलं. चूक डोळ्यांत खुपल्याशिवाय हा माणूस उठायचा नाही, एवढं एकच तिला कळत होतं. दुसऱ्या दिवशी वेचलेल्या तणाची एक चिमूट एप्रनच्या खिशातून तिनं घरी आणली आणि वाफ्यात टाकली. बी तसं कचऱ्यातच जाणारं, त्याचं काही नाही. पण लेकीच्या वाफ्यात आपल्या हातानं तण पेरायचं! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बी टाकल्यापासून बाराव्या दिवशी ती सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "अहो, झिनियात काय उगवलंय बघा ना."

तो उठला. तसाच अनवाणी बाहेर गेला, ते उपटून आला आणि म्हणाला, "चहा आहे का?" ती स्वयंपाकघरात गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली. तेव्हापासून आठवड्याला एक चिमूट, कधी खंड नाही.

"मी घरी बसले तेव्हापासून नवं बी पडलेलं नाही," ती म्हणाली. "जुनंच अजून उगवतंय, पण ते पुरणार किती दिवस? माझ्यामागं हे पुन्हा भिंतीकडे वळतील गं. तू जाता-येता कुंपणावरून एक चिमूट टाकत जा. एवढं कर माझ्यासाठी."

सोबतिणीनं खिडकी नीट लागलीय ना ते पाहिलं. मग म्हणाली, "ताई, मला शपथ घातलीय, पण आता नाही राहवत. तुम्ही घरी बसलात तेव्हापासून भाऊजी दर शनिवारी गोदामाच्या फाटकाशी येतात. माझ्याकडूनच तणाचं बी नेतात, पुडी बांधून. वाफ्यात तेच उगवतंय."

"हे? ह्यांना काय ठाऊक?"

"पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. भिंतीवर मुलीचा फोटो आहे ना, त्याच्या काचेत खिडकी दिसते म्हणे. त्यात तुम्ही दिसलात. दिवसभर उभ्या राहून आलेल्या, चोरासारखं इकडंतिकडं बघत बी टाकताना. मला म्हणाले, 'तण काय, माजलं असतं तर माजू दिलं असतं. पण ती एवढं करतेय म्हटल्यावर पडून कसं राहायचं? आता तण दिसेनासं झालं, तर तिला माझा घोर लागेल.'"

"लबाड मेला!" तिला हसू फुटलं. डोळे पुसत ती हसत राहिली, खोकत राहिली. चार वर्षं ती ह्याला बनवत होती, आणि हा जाणूनबुजून बनत होता! इतकं बरं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

मग एकाएकी तिचं हसू थांबलं. खिडकीच्या काचेपलीकडे तो उकिडवा बसून माती चाळवत होता. तणासाठी तो कधी उठलाच नव्हता; आपल्यासाठी कुणी ताटकळतंय हे बघून उठला होता.

"मग ताई, चिमूट टाकत जाऊ ना मी?" सोबतिणीनं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तणानं नाही भागायचं. तू रोज सकाळी कामावर जाताना दाराशी उभी राहा आणि ह्यांना हाक मार. ओ देणार नाहीत. उठून दार उघडेपर्यंत तू मात्र हलू नकोस."