येताना किती?

सकाळी बोटीतून उतरलो आणि टूरवाल्यांनी आम्हाला घेरलं. बेट बघायला दिवसभर गाडी हवी होती, तीही फक्त आम्हा दोघांसाठी.

पहिल्या काउंटरवरच्या बाईने विचारलं, "जाताना किती जण?"

"दोघं," मी म्हणाले.

"आणि येताना?"

मला हसूच आलं. पण शेजारच्या काउंटरवरच्या माणसानेही तेच विचारलं, तेव्हा मनात पाल चुकचुकली. यांची काहीतरी मिलीभगत असणार.

"दोघं जाणार, दोघंच येणार! यात विचारायचं काय?" मी ताडकन म्हणाले. तो नुसता माझ्या नवऱ्याकडे बघत राहिला.

शेवटी नवऱ्याने बाहेर उभा असलेला एक म्हातारा ड्रायव्हर पसंत केला. त्याने काहीच विचारलं नाही. मला हायसं वाटलं.

गाडी चढणीला लागल्यावर मीच विषय काढला. "काका, येताना किती, ते तुम्ही नाही विचारलंत?"

"साहेबांनी कालच सांगितलंय ना."

काल? आम्ही तर आजच, आयुष्यात पहिल्यांदा, या बेटावर पाऊल ठेवलं होतं. मी नवऱ्याकडे वळले. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

"पुढे फाटा लागेल," तो ड्रायव्हरला म्हणाला, "तिथून डावीकडे घ्या."