गारेच्या पोटातलं कुंकू

खोटं वाटेल, पण बहात्तरच्या दुष्काळात खर्ड्याच्या रंगनाथाची विहीर पन्नास फुटांवरही कोरडीच होती, आणि तळाला हिरवट, कुजका खडक लागला.

"सहा कोटी वर्षांपूर्वी उकळत्या पाण्यात शिजलाय हा," भूगर्भवाले साहेब म्हणाले. "तांबं सापडलं, तर ते सरकारचं; खोदाई बंद."

"तांबे घरी लई हायेत, सायेब. पानी दावा!" रंगनाथ म्हणाला.

नव्या थरातला पहिला दगड फोडण्याआधी त्याला कुंकू लावायचा रिवाज. रंगनाथाच्या बायकोनं, गोजरबाईनं, विळ्याचा जुना वण असलेला अंगठा कुंकवात बुडवून त्यावर टेकवला. साहेबांनी दगड फोडला.

आत गारेच्या स्फटिकांनी मढलेली बंद पोकळी निघाली. तिच्यात ओल्या कुंकवाचा ठसा होता, मधोमध तोच वण.

रंगनाथाला काही उमजेना. "आत बोट कवा लावलंस गं?"

गोजरबाई अंगठ्यावरच्या ताज्या फोडाला फुंकर घालत म्हणाली, "पानी हुतं तवा, धनी. लई कढत हुतं."