पिनांचा टेप

शिवणकामाच्या शेवटच्या परीक्षेत महूहून आलेल्या परीक्षकांनी संबोधीच्या हातातला टेप काढून घेतला. संबोधीला दिसत नाही. म्हणून टेपच्या प्रत्येक इंचावर मी स्टेपलरची पिन मारून दिली होती. ती बोटांनी मापं घ्यायची. ते जमेपर्यंत तीन टेप फाटले आणि चार महिने गेले. "ही तर चीटिंग झाली, प्रभावतीजी," ते म्हणाले. "बाकीच्या मुलींचे टेप साधेच आहेत ना? नियम सबके लिए एक है." त्यांनी तिच्यापुढे नवा टेप ठेवला. संबोधीने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. "मॅडम, यावर काहीच लिहिलेलं नाहीये," ती मला म्हणाली. परीक्षकांनी हसून शेरा लिहायला खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवला. माझं डोकंच फिरलं. मी हात पुढे केला. "चष्मा इकडे द्या, सर. नियम सबके लिए एक है ना."